लग्नापासूनची पाठदुखी

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात सगळे तिला रेडिओ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्यात वावगं काही वाटत नसे. मोठी मशिनं सुरू झाली की तिथे शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही, पण हिचं यायचं. चादरीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं समोरच्या बाईच्या, आणि मधल्या हवेत हिच्या गप्पा. कुणाची सून कुणाशी बोलत नाही, मिशा काढल्यापासून मुकादम सोललेल्या बटाट्यासारखा कसा दिसतो, वरच्या वॉर्डातल्या नर्सबाईंनी कुणाला कसा वाटेला लावला. वाफेने अंग चिकट, पापण्यांवर कापसाचा भुगा, आणि तोंडाचा पट्टा चालू. ती रजेवर असली की बायका म्हणायच्या, आज दिवस सरता सरत नाही गं.

मशिनमधून ओल्या चादरींचा गठ्ठा निघतो तो दगडासारखा जड असतो. तो ओढून ट्रॉलीत घालायचा आणि एक छोटी चढण चढवून सुकवणीच्या खोलीत न्यायचा, असं तिचं काम. त्या ट्रॉलीच्या चाकात सुतं आणि केस गुंतून चाक अडायचं. सगळ्यांनी सांगून झालं होतं, मुकादम दरवेळी ‘बघतो’ म्हणायचा. एक दिवस भरलेली ट्रॉली चढणीच्या मध्यावर अडली आणि उलटी घसरू लागली. खाली दुसरी बाई वाकून फरशी पुसत होती. हिने ओरडायचं सोडून ट्रॉलीला पाठ लावली. बाई वाचली. हिच्या कमरेत मात्र ओलं लाकूड पिळवटून मोडावं तसं काहीतरी झालं, आणि उजवा पाय आपला आहे की दुसऱ्या कुणाचा, हेच तिला कळेना.

मणक्याचं ऑपरेशन झालं. पाय परत आला, पण अर्धामुर्धा. टाच बधिर, पोटरीत मुंग्या, फार वेळ बसलं की कंबर पेटायची आणि फार वेळ उभं राहिलं की पाय दगा द्यायचा. कामावर झालेली इजा, त्यामुळे विमा कंपनीकडून दर आठवड्याचा पगार येत राहिला. पण तो कायमचा नव्हता. कायद्याने एक रेघ आखून ठेवली होती. सरकारने नेमलेला डॉक्टर तपासणार, शरीराचं किती टक्के कायमचं नुकसान झालं ते सांगणार. आकडा रेघेच्या वर गेला तर पुढची भरपाई. खाली राहिला तर कंपनीचे हात मोकळे.

तपासणीच्या दिवशी ती एकटीच गेली. नवऱ्याचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं, ते बंद ठेवून कशाला यायचं, असं तिनेच त्याला सांगितलं. डॉक्टर निबर चेहऱ्याचे होते. पाय वर करा, वाका, बोटांवर उभ्या राहा, टाचांवर उभ्या राहा. हातोडीने गुडघा ठोकला, सुईने टाच टोचली. एका शब्दाचं जादा बोलणं नाही. आणि समोरचा माणूस गप्प असला की हिला राहवायचं नाही. घाबरली की तर जास्तच बोलायची.

“याआधी पाठीचा काही त्रास?” डॉक्टरांनी कीबोर्डवरून मान वर न करता विचारलं.

“पाठ?” ती हसली. “अहो डॉक्टर, पाठ तर माझी लग्न झालं त्या दिवशीच मोडली!”

धुलाईखान्यात या वाक्याला बायका खो खो हसल्या असत्या. डॉक्टर हसले नाहीत. बोटं कीबोर्डवर चालली, थांबली. मग त्यांनी झोपेविषयी विचारलं.

अहवाल आला तो जेवणाच्या टेबलावर तिच्या मुलीने वाचून दाखवला. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, बारीक अक्षरं वाचायची तिला सवय. नुकसानीचा आकडा चांगला रेघेच्या वर होता. मुलीचा आवाज चढला. मग खालचा परिच्छेद आला आणि आवाज हळूहळू उतरत गेला.

“रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यानुसार पाठीचा त्रास विवाहापासून आहे. सबब सध्याच्या नुकसानीपैकी निम्मा भाग जुन्या त्रासाचा धरून वजा करण्यात येत आहे.”

वजाबाकीनंतरचा आकडा रेघेच्या कितीतरी खाली होता.

मुलीने कागद खाली ठेवला आणि क्षणभर, अगदी क्षणभर, बापाकडे पाहिलं. ते पाहणं बापाला दिसलं. तो उठला, आपलं ताट विसळलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने ती त्याच्यामागे गेली.

“मी कधी तुला हात लावला का?” त्याने विचारलं.

“काहीतरीच काय बोलता!”

“मग हे विवाहापासून काय आहे?”

“गंमत केली हो मी. बोलण्याच्या भरात बोलून गेले.”

“डॉक्टरकडे गंमत?” तो म्हणाला. पुढे काही नाही. तो मुळातच कमी बोलणारा. लग्न झालं तेव्हा तिच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, बरं झालं, दोघंही बोलणारी असती तर ऐकलं कुणी असतं?

वकीलबाई मिळाल्या त्या युनियनच्या ओळखीने. चुणचुणीत, सदा घाईत, टेबलाखाली चपला काढून बसायच्या. त्यांनी वरच्या वैद्यकीय मंडळाकडे अपील केलं. मंडळातल्या दोन डॉक्टरांनी तिला बोलावलंही नाही. कागद चाळले आणि उत्तर पाठवलं: मूल्यांकन योग्य, हस्तक्षेपाची गरज नाही.

“आता कोर्ट,” वकीलबाई म्हणाल्या. “पण एक नीट समजून घ्या. कोर्ट तुमची पाठ बघणार नाही. किती टक्के, हे कोर्ट सांगत नाही. ज्यांनी सांगितलं त्यांनी कायद्याला धरून सांगितलं का, एवढंच बघतं.”

“म्हणजे मला काही विचारणार नाहीत?”

“तुम्हाला तोंडसुद्धा उघडायचं नाही.”

“तेच बरं,” ती म्हणाली.

एव्हाना ती खरंच गप्प झाली होती. धुलाईखान्यातल्या बायका भेटायला आल्या तर त्यांचं ऐकून घ्यायची, मान हलवायची. जिचा जीव वाचला ती बाई दर आठवड्याला यायची आणि रडून जायची, आणि हिला तिची समजूत घालायलाही शब्द जुळवावे लागायचे. प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर काढण्याआधी ती उलटसुलट करून बघायची. हे कुणी लिहून घेतलं तर?

मग एक बॅगवाला माणूस येऊ लागला. तिच्याकडे नाही, इमारतीत. तळमजल्यावरच्या बाईंना त्याने विचारलं, वरच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो का. कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं, तिच्या अंगावर कधी वळ पाहिले का. विमा कंपनीचा माणूस होता तो, नाव-गाव सांगून रीतसर विचारत होता. लोकांनी ‘नाही’ म्हणूनच सांगितलं. पण अशा प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ दिलं तरी प्रश्न डोक्यात बसून राहतोच.

समोरच्या इमारतीतल्या एकट्या राहणाऱ्या मास्तरीणबाई आपली जादाची किल्ली बरीच वर्षं तिच्या नवऱ्याच्या दुकानात ठेवत. कधी विसरल्या तर सोय. त्या एक दिवस दुकानात आल्या.

“माझी ती किल्ली देता का?”

“विसरलात का दुसरी?”

“नाही नाही. सहजच. घरी असलेली बरी.”

त्याने खिळ्यावरून किल्ली काढून दिली. त्या गेल्यावर किल्ली कापायचं मशीन बंद केलं आणि भर दुपारी दुकानाचं शटर ओढून घरी आला.

“मास्तरीणबाईंनी किल्ली परत नेली,” त्याने सांगितलं. ती पलंगावर कुशीला झोपली होती. उठू लागली तर त्याने हाताने थांबवलं, पण आवाज तसाच धारदार. “इतक्या वर्षांत माझ्या दुकानातून कुणाची टाचणी गेली नाही. आता लोक मला बघून कुजबुजतात. तुझ्या एका विनोदापायी.”

“हळू बोला,” ती म्हणाली.

“का हळू बोलू?”

“खाली ऐकू जातं.”

तो एकदम थांबला. दोघांनाही एकाच वेळी कळलं की आता या घरात मोठ्याने भांडायचीसुद्धा सोय राहिलेली नाही. मग ते दोघं कुजबुजत भांडले. कधी नव्हे ते बोलणं तो बोलला, तिने उत्तरं दिली, आणि सगळं इतक्या हळू आवाजात की स्वयंपाकघरातल्या नळाची टिपटिप मधून मधून ऐकू यावी. ते भांडण ओरडून केलेल्या भांडणापेक्षा वाईट होतं.

त्यावर तोडगा काढला तिच्या नणंदेने. ही नवऱ्याची धाकटी बहीण, दुसऱ्या गावी राहणारी, कापडाच्या दुकानाची मालकीण, कामाला वाघ. रविवारी आली, आल्या आल्या खुर्ची ओढून बसली.

“वहिनी, सोपं आहे. मी प्रतिज्ञापत्र देते. मी या घरची मुलगी, मी तुला लग्नापासून ओळखते, तुझी पाठ अपघाताआधी एक दिवससुद्धा दुखली नाही. सही ठोकते. दादाचंही नाव स्वच्छ, तुझंही काम झालं.”

“झालं तर,” नवरा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला होता.

नणंद कागद बघत होती, नवरा चहा टाकायला उठला होता, पण तिच्याने हो म्हणवेना. कारण पाठ दुखली होती.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाची गोष्ट. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली, अंगाने भरलेल्या. सकाळी कामावर जाण्याआधी त्यांना उचलून खुर्चीत बसवायचं, संध्याकाळी आल्यावर परत पलंगावर. कूस बदलायची, कपडे बदलायचे. नवरा दुकानात, मुलगी लहान, नणंद दुसऱ्या गावी. नणंदेचा फोन यायचा, पैसे यायचे, ती यायची नाही. बरीच वर्षं हे चाललं आणि त्या वर्षांत पाठ दुखायची. कामावर ती सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी सांगायची, ही सांगितली नव्हती. घरात तर नाहीच. नवऱ्याच्या आईबद्दल ‘उचलताना दुखतं’ असं नवऱ्याला कसं सांगायचं? सासूबाई गेल्यावर काही महिन्यांत दुखणंही गेलं. नंतर ट्रॉली अडेपर्यंत पाठीने कधी कुरकुर केली नाही.

दोन दिवसांनी सगळे वकीलबाईंच्या ऑफिसात जमले. प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आलं होतं. नणंदेने पर्समधून पेन काढलं.

“थांबा वन्सं,” ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“ते खरं नाही. माझी पाठ दुखायची.”

नवरा गर्रकन वळला. “कधी?”

“आई होत्या तेव्हा. त्यांना उचलताना.” ती टेबलाकडे बघून बोलत होती. “रोज नाही. पण दुखायची. त्या गेल्या आणि थांबली.”

नणंदेच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. “म्हणजे माझ्या आईमुळे? असं म्हणायचंय तुला? इतकी वर्षं मनात ठेवलंस आणि आज वकिलासमोर?”

“मी कुणाचं नाव घेत नाहीये.”

“मग गप्प बस ना! कुणाला कळणार आहे? चांगला ठरत आलेला निकाल आपल्या हाताने...”

“एकदा बोलायचं नको ते बोलले,” ती म्हणाली, “त्याचं इथवर आलं. आता खोटं लिहून दिलं तर कुठवर जाईल? तो बॅगवाला माणूस आईंच्या डॉक्टरकडे गेला तर? शेजारणीने सांगितलं तर? आणि तुम्ही सही करणार वन्सं. अडकाल तुम्ही.”

वकीलबाईंनी टेबलाखाली चपला शोधून पायात घातल्या. हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

“हे मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतंत,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“खरंय.” त्यांनी ते प्रतिज्ञापत्र उचललं, मधोमध फाडलं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं. “ऐका. कोर्टात याची तशीही गरज नव्हती, हे पुढच्या पायरीसाठी होतं. पण न्यायमूर्तींनी मला सरळ विचारलं, आधी त्रास होता की नव्हता, तर मी नाही म्हणू शकत नाही. मला आता माहीत आहे.”

“मग हरलो का आपण?” नवऱ्याने विचारलं.

“माहीत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द तिने पहिल्यांदाच ऐकले.

नणंद बसस्टँडकडे निघून गेली, घरी आली नाही. नवरा-बायको रिक्षाने परतले. वाटेत खड्डा आला की तो आपसूक हात पुढे करून तिच्या कमरेमागे धरत होता, पण बोलत नव्हता.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाचं दालन तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. उंच खिडक्या, जुन्या लाकडाचा वास, आणि बाकं अशी कडक की तिची कंबर लगेच पेटली. ती उठून मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. शिपायाने खुणेने बसायला सांगितलं. तिने मान हलवली. त्याने पुन्हा खूण केली. न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं, “राहू द्या त्यांना उभं,” म्हणाले आणि परत कागदांत शिरले. नवरा बाकावर होता, मुलगी त्याच्याजवळ. नणंद आली नव्हती.

मग समोर तिच्याच पाठीविषयी बोलणं सुरू झालं. मणके, चकत्या, नसा. जणू ती तिथे नव्हतीच. कंपनीचे वकील शांत, गोड आवाजाचे होते. ते म्हणाले, डॉक्टर तज्ज्ञ आहेत, त्यांनी रुग्णाला तपासलं, प्रश्न विचारला, उत्तर लिहून घेतलं. कोर्टाने डॉक्टरच्या खुर्चीत बसून नवा आकडा काढायचा नसतो. “आणि उत्तर तर समोरच्यांच्याच अशिलाचं आहे. विवाहापासून. घराच्या चार भिंतींत काय घडत होतं, हे खोदून काढणं डॉक्टरचं काम नाही...”

तिने नवऱ्याची मान पाहिली. मागून फक्त मान दिसत होती. ती हलली नाही, पण मुलीने त्याच्या दंडावर हात ठेवला.

“घरात काय घडत होतं म्हणजे?” न्यायमूर्तींनी विचारलं. “तुमच्याकडे काही आहे?”

“नाही महोदय, मी फक्त...”

“नसेल तर राहू द्या. निम्म्यावर या. डॉक्टरांनी निम्मा भाग वजा केला. निम्माच का?”

“तो त्यांच्या तज्ज्ञतेचा...”

“कारण कुठे लिहिलंय? मला पान दाखवा.”

कंपनीचे वकील पानं उलटू लागले. दालनात फक्त पानांचा आवाज. तिला वाटलं, आता सापडेल, कुठल्या तरी कोपऱ्यात लिहिलेलं असेलच. पानं पुढून मागे आणि मागून पुढे झाली.

“स्वतंत्र कारण दिसत नाही, महोदय. पण विधान स्पष्ट आहे.”

न्यायमूर्ती वकीलबाईंकडे वळले. “तुम्ही सांगा. हे विधान गमतीने केलं होतं असं तुमचं म्हणणं. ठीक. पण वस्तुस्थिती काय? अपघाताआधी पाठीचा त्रास होता की नव्हता?”

वकीलबाई उठल्या. उठताना त्यांनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. पायाच्या मुंग्या मांडीपर्यंत चढल्या होत्या, पण तिने मान डोलावून होकार दिला.

“होता, महोदय,” वकीलबाई म्हणाल्या. “त्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना एकट्या उचलत असत. त्या काळात दुखायची. सासूबाई वारल्यानंतर थांबली. पुढे अपघातापर्यंत त्यांनी ओल्या कपड्यांच्या ट्रॉल्या ढकलल्या आणि पाठीसाठी एकही रजा घेतली नाही. आम्ही काहीच नाकारत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की कधीतरी दुखली होती म्हणजे आजच्या नुकसानीत तिचा वाटा आहे, असं आपोआप ठरत नाही. तो वाटा आहे का, आणि किती, हे तपासून सांगायला हवं होतं. डॉक्टरांनी तपासलं नाही. एका वाक्यावरून अंदाज बांधला. मंडळाने त्या अंदाजावर शिक्का मारला.”

न्यायमूर्तींनी काहीतरी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. निकाल राखून ठेवला, एवढं म्हणून ते उठले.

नंतरचे आठवडे तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. कंपनीचा पगार थांबला होता. मुलगी दुकानात जादा तास बसत होती. नवरा शटर उघडायचा, बंद करायचा. घरात बोलणं होतं ते मीठ-साखरेपुरतं. पण एक बदल तिच्या नजरेतून सुटला नाही. सकाळी उठल्यावर पाण्याची बादली, कपड्यांचं टोपलं, गॅसची टाकी, जे जे उचलायचं ते आधीच उचलून जागेवर ठेवलेलं असायचं.

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा ती जिन्यात कठडा धरून उभी होती.

“जिंकलो!” वकीलबाई ओरडल्या. “मंडळाचा निर्णय रद्द. कारण न देता वजावट केली, कायद्यात बसत नाही.”

“म्हणजे भरपाई मिळणार?”

“म्हणजे परत तपासणी होणार. नवा डॉक्टर. पहिल्यापासून.”

“आणि त्याने जुन्यापेक्षा कमी आकडा दिला तर?”

“देऊ शकतो,” वकीलबाई म्हणाल्या. “मी खोटं कशाला सांगू?”

ती तिथेच पायरीवर बसली. जिंकण्याचा आनंद असा असतो हे तिला माहीत नव्हतं.

मुलीने तिला आठवडाभर पढवलं. “आई, हो आणि नाही. तिसरा शब्द नाही. पाय दुखतो का? हो. झोप लागते का? नाही. कळलं?” या वेळी नवऱ्याने दुकान बंद ठेवलं आणि बरोबर आला. डॉक्टर बाई होत्या, पिकलेल्या केसांच्या. त्यांनी त्याला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलं, पण मध्ये बोलायचं नाही म्हणून बजावलं.

तेच सगळं पुन्हा. वाका, पाय वर करा, टाचांवर उभ्या राहा. पाय थरथरला, तिने टेबल धरलं. सुई, हातोडी. मग तो प्रश्न आला.

“अपघाताआधी पाठीचा काही त्रास होता?”

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. हो म्हटलं तर वजा. नाही म्हटलं तर खोटं. मुलीने शिकवलेल्या दोन शब्दांत तिचं उत्तर बसत नव्हतं. डॉक्टरबाई थांबल्या होत्या, हात कीबोर्डवर नव्हते.

“सांगू का सगळं?” तिने विचारलं. “वेळ लागेल.”

“सांगा.”

तिने सांगितलं. सासूबाईंना कसं उचलायची, बगलेत हात घालून, गुडघा पलंगाला टेकवून. कुठे दुखायचं ते हाताने दाखवलं, कमरेच्या वर, दोन्ही बाजूंना. आताचं खाली आहे आणि पायात उतरतं, तेव्हाचं उतरायचं नाही. रात्री शेकलं की सकाळी उठता यायचं. त्या गेल्यावर कधी थांबलं ते लक्षातही आलं नाही. एकही गंमत न करता ती एवढं बोलली. डॉक्टरबाईंनी आणखी चार प्रश्न विचारले, एक्स-रेच्या जुन्या आणि नव्या फोटोंतली तीच जागा उजेडात धरून बघितली. कोपऱ्यातल्या स्टुलावर काहीच हालचाल नव्हती.

बाहेर पडल्यावर लिफ्ट बंद होती. ते हळूहळू जिना उतरू लागले, तो एक पायरी पुढे, खांदा तिच्यासाठी धरून. मधल्या वळणावर तो थांबला.

“मला का नाही सांगितलंस?”

“काय?”

“माझी आई होती ती. मी उचलायला हवं होतं. मी रोज संध्याकाळी येऊन बघायचो, आई स्वच्छ, अंथरूण स्वच्छ. वाटायचं, होतंय सगळं.” त्याने कठड्यावर हात टेकवला. “मी सकाळी तासभर उशिरा दुकान उघडलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.”

“सगळ्या गावाचं सांगायचीस.”

“हो,” ती म्हणाली. “आपलं सांगायला जीभ रेटायची नाही.”

खालून कुणीतरी जिना चढत येत होतं. त्याने डोळे पुसले आणि तिला वाट करून दिली.

नवा अहवाल आला तेव्हा मुलीने कागद उभ्यानेच वाचला. डॉक्टरबाईंनी जुन्या दुखण्याचा थोडासा भाग वजा केला होता, एक दशांश, आणि का केला ते दोन परिच्छेदांत लिहिलं होतं. वजा जाऊन उरलेला आकडा रेघेच्या वर होता. फार नाही, अगदी जेमतेम. कंपनीच्या वकिलांनी पुन्हा कोर्टात जायची भाषा केली, वकीलबाईंनी ‘या’ म्हणून कळवलं. मग ते आले नाहीत.

नणंदेने बरेच दिवस फोन केला नाही. मग एक दिवस केला, भावाला नाही, वहिनीला. काय बोलणं झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही. बराच वेळ चाललं होतं एवढं मुलीला माहीत आहे, आणि शेवटी आई म्हणाली, “झालं गेलं. रडू नका वन्सं, दुकान उघडायची वेळ झाली असेल.”

त्या पैशात त्यांनी तळमजल्यावरचं घर घेतलं, दोन गल्ल्या सोडून. जिने चढणं तिला यापुढे जमणारं नव्हतंच. सामान हलवायच्या दिवशी सकाळीच दोन हमाल आले. तिला खुर्ची देऊन नव्या घराच्या दाराशी बसवलं होतं, पण ती उभी राहिली. नवरा आणि एक हमाल लोखंडी कपाट आडवं करून दारातून आत घुसवत होते आणि ते चौकटीत रुतलं होतं. दोघं घामाघूम, एक म्हणतो उजवीकडे, दुसरा म्हणतो डावीकडे.

“अहो, आधी दार काढा कपाटाचं,” ती म्हणाली. “आणि तुम्ही दादा, पाठीने नका उचलू, गुडघे वाकवा. घरी बायको आहे ना? मग! नाहीतर तिला उद्या तुम्हालाच उचलायला लागेल. आणि अहो, तुम्ही मधून बाजूला व्हा, तुमच्याने काही ते हलायचं नाही. आधीच्या मालकाने तरी चौकट केवढीशी ठेवलीये बघा, स्वतः आत कसा शिरत असेल कोण जाणे...”

हमाल हसायला लागला. तिच्या नवऱ्याने कपाट खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि ती पुढे काय बोलते ते ऐकत राहिला.